त्या दिवशी धनुष्य कुणाच्या हातात होतं

उमलाझी, १४ ऑगस्ट २०११

सिसी खोम्बिसिले,

टॅक्सीवाल्या न्दोदाकडून तुझा निरोप मिळाला. माझ्या दारात उभा राहून, शेजारच्या चार बायका कान टवकारून ऐकत असताना, त्याने तो खणखणीत आवाजात सांगितला: "तुमच्या थोरल्या बहिणीने सांगितलंय, मखवेयानाचं धनुष्य बापाच्या घरातल्या मुलींनी वाजवायचं असतं, नवऱ्याच्या घरी गेलेल्या बाईने नाही. आणि दुसऱ्याचं गाणं तर कुणीच वाजवायचं नसतं." वर विचारतो कसा, "काही उत्तर आहे का, मा?" म्हटलं, आहे, पण ते तुझ्या तोंडात मावायचं नाही. म्हणून लिहायला बसले.

फोन करून पाहिला. तीनदा केला. तिन्ही वेळा आपल्या धाकट्या भावाची सून उचलते आणि म्हणते, "त्या शेरडांकडे गेल्यात." सकाळी शेरडांकडे, दुपारी शेरडांकडे, दिवेलागणीलाही शेरडांकडे. सिसी, सहासष्टाव्या वर्षी इतकी शेरडं कशाला राखावीत माणसाने?

रेडिओवर तू ऐकलंस ते खरं आहे. ती मीच. वाजणार आहे हे मला आधी कळलं असतं तर मी तुला कळवलं असतं. नसतंही कळवलं. ते जाऊ दे.

झालं ते असं. लोंडेका नावाची एक मुलगी आहे. पियानो वाजवते, केस मुलग्यासारखे कापलेत, पायात शिपायाचे बूट. आमच्या चर्चच्या सभागृहात आली आणि म्हाताऱ्यांना विचारत सुटली, मखवेयाना कुणाला येतं का. सगळ्या हसल्या. एकीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "पोरी, चाळीस वर्षांत हात लावला नाही." तर नातीसारखी जवळ बसून म्हणते, "मग हात उपाशी असतील, गोगो."

तेच वाक्य लागलं मला. घरी येऊन फांदी वाकवली, तार ताणली, ती मधोमध दांडीला बांधली आणि भोपळा बसवला. भोपळ्याचं तोंड छातीला टेकवलं आणि काडीने तार छेडली. एका तारेत दोन सूर, बोटाच्या पेराने दाबलं की तिसरा, आणि बाकीचं सगळं भोपळा छातीपासून किती उचलायचा त्यावर. हे मी लोंडेकाला सांगितलं तेव्हा तिने वहीत उतरवून घेतलं. मला हसू आलं. आपल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी वाजवलेलं तिने फोनमध्ये भरून घेतलं, तेच रेडिओवर गेलं.

वेलाफी जाऊन पाच वर्षं झाली. विधवेने वाजवू नये असं कुठे सांगितलं असेल तर कळव. आणि "दुसऱ्याचं गाणं" म्हणजे तू झऱ्यावरचं गाणं म्हणत असशील, तर ते माझं आहे. मी केलंय ते. वाटेल त्याला विचार. विचारायला आता कुणी उरलं नाही हा माझा दोष नाही.

तुझी धाकटी,
झिबुयिले


उमलाझी, २ सप्टेंबर २०११

सिसी,

उत्तर नाही. बरं.

तुला वाटत असेल, मी त्या पोरांबरोबर स्टेजवर मिरवतेय. एकदा येऊन बघ. एक जुनी शाळा आहे, पत्रे तापतात, तिथे आम्ही बसतो. लोंडेकाचा पियानो माझ्या धनुष्याशी जुळत नाही. तिचे सूर खिळ्यांनी ठोकल्यासारखे जागच्या जागी, आणि माझे आपले हवेत. मी म्हटलं मी तार आवळते. "नाही गोगो, तुम्ही नाही बदलायचं," असं म्हणून तिने पियानोचं झाकण उघडलं आणि आतल्या तारांमध्ये पुठ्ठे, खोडरबरं, बाटल्यांची बुचं खुपसली. एवढा महागाचा पियानो, आणि त्यातून लाकडी भांड्यावर थाप मारल्यासारखा आवाज. मला वाटलं आता हिला कुणीतरी रागावणार. कुणी रागावलं नाही.

दुसरा एक आहे, दुदू. माणसाएवढं व्हायोलिन उभं धरून वाजवतो. बोलत नाही. खातो फार.

आणि काहीच आधी ठरवायचं नाही, असं त्यांचं आहे. मी सुरू करायचं, मग ज्याला जे सुचेल ते. मी विचारलं, "मग चुकलं हे कळणार कसं?" लोंडेका म्हणाली, "ऐकत नसलो की चुकतं." आपली आई भात करपल्यावर असंच काहीतरी बोलायची.

पण एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. लोंडेका प्रत्येक सराव फोनमध्ये भरून ठेवते. परवा तिने मला बसवलं आणि एकामागून एक तेरा वेळचं झऱ्यावरचं गाणं ऐकवलं. "गोगो, तेराही वेळा तुम्ही इथेच थांबता. 'ये, पण पाण्यात पाऊल…' आणि मग हात खाली. याच्या पुढे काय आहे?"

मी म्हटलं, पुढे काही नाही.

"पण वाक्य अर्धं आहे."

असू दे अर्धं, म्हटलं. घरी आले आणि भांडी घासताना पुढचं आठवायला लागले. आठवेना. आपण केलेलं गाणं, आणि आपल्यालाच पुढचं येऊ नये? पाऊल ठेवू नकोस, की जपून ठेव, की काय? सिसी, तुला येतं का पुढचं? येत असेल तरी सांगू नकोस. म्हणजे सांग.

त्यांची तबकडी निघणार आहे. लोंडेकाने एक कागद दिलाय. त्यात गाण्यापुढे रिकामी जागा आहे: रचना कुणाची. पंधरा ऑक्टोबरपर्यंत भरून हवाय. "नुसतं 'पारंपरिक' लिहिलं तर नाही चालणार?" मी विचारलं. ती चिडली. "पारंपरिक म्हणजे कुणाच्या बापाचं नाही, असं होतं गोगो. कुठल्यातरी मुलीने बसून केलंय ना हे? तिला नाव असेल ना?"

असेल.

आईच्या शेवटच्या दिवसांत मी आले नाही, त्याचा राग तू अजून धरून आहेस हे मला माहीत आहे. मी तेव्हाच कळवलं होतं, थोरल्याला गोवर होता, आणि बसवाल्यांचा संप होता, आणि वेलाफीची रात्रपाळी. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

झिबुयिले


उमलाझी, १९ सप्टेंबर २०११

सिसी,

आज सरावाला गेले नाही. पोट दुखतंय असं कळवलं. दुखत नाहीये.

मी त्या दिवसाचं सगळं पुन्हा नीट आठवून काढलं. तुला लिहून दाखवते, चुकत असेल तर सांग.

हिवाळा संपत आला होता. आपण दोघी झऱ्यावर. दोघींत मिळून धनुष्य एकच, कारण बाबांनी एकच भोपळा सुकवला होता. मी सपाट दगडावर बसले होते. वेताच्या पलीकडून पाऊल वाजलं आणि वेलाफी आला. डर्बनच्या गोदीतून महिन्याभरासाठी गावी आलेला, डोक्यावर ती तिरकी टोपी. म्हणाला, "वाजवणारी कोण?" आणि धनुष्य माझ्या मांडीवर होतं.

एवढं पक्कं आहे. धनुष्य माझ्या मांडीवर होतं. पुढच्या वर्षी त्याच्या माणसांनी मागणी घालून गायी आणल्या त्या माझ्यासाठी. तू थोरली असताना धाकटीचं आधी झालं. बायका काय काय बोलल्या तुला, ते मला ऐकू येत होतं. मी सासरी गेले. धनुष्य तुझ्याकडे राहिलं.

पण त्याच्या आधीच्या क्षणाचं मला धड दिसत नाही. कधी दिसतं ते असं, की मी वाजवतेय आणि तू पाणी पितेयस. आणि कधी असं, की ओंजळ माझी आहे, पाणी गार आहे, दात ठणकतायत, आणि गाणं माझ्या पाठीमागून येतंय. दात ठणकल्याचं मी कशाला मनाने रचेन?

आता एक लिहिते ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तिसऱ्या बाळंतपणानंतरची गोष्ट. एका रविवारी वेलाफी खुशीत होता. म्हणाला, ते झऱ्यावरचं म्हण ना. बायकोने वाजवायचं नसतं, पण तोंडाने म्हणायला काय हरकत? मी म्हटलं. तो ऐकत राहिला आणि मग टोपी उचलत म्हणाला, "त्या दिवशी लागलं होतं तसं तुझं पुन्हा कधी लागलंच नाही बघ." रागाने नाही म्हणाला. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, आणि फुटबॉल बघायला गेला.

सिसी, त्यानंतर मी ते गाणं त्याच्या देखत कधीच म्हटलं नाही.

तेव्हा त्याला काय वाटलं असेल? त्याला माहीत होतं का? माहीत असून बरोबर राहिला, की माहीत नव्हतं म्हणून राहिला? आणि मला माहीत होतं का? मी आरशासमोर उभी राहून स्वतःलाच विचारलं. उत्तर देणाऱ्या बाईचा मला भरवसा वाटला नाही.

आज लोंडेका घरी आली होती, पोटदुखीवर आलं घेऊन. मी तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "गोगो, ते अर्धं वाक्य राहू द्या. तुम्ही थांबता ना, तिथून दुदू पुढे वाजवेल, मग मी." मी म्हटलं, "तुम्ही काय वाजवाल?" ती म्हणाली, "आम्हाला काय माहीत?"

या पोरांना काही माहीत नसण्याची भीती कशी वाटत नाही?

झि.


उमलाझी, ३० सप्टेंबर २०११

सिसी,

पुढच्या शुक्रवारी न्दोदाच्या टॅक्सीने येतेय. तू शेरडांकडे असशील तर मी शेरडांकडे येईन.

झिबुयिले


नोंगोमा, ९ ऑक्टोबर २०११

लोंडेका बाळ,

तुझे चार निरोप आले, पण इथे माझ्या फोनला टेकडीवर चढावं लागतं आणि माझे गुडघे चढत नाहीत. म्हणून हे पत्र न्दोदाबरोबर पाठवतेय. त्याने ते उघडलेलं दिसलं तर मला सांग.

मी बहिणीकडे आले आहे. तुला मी बहिणीबद्दल काही बोलले नव्हते. माझी थोरली बहीण, खोम्बिसिले. लग्न केलं नाही, बापाच्या घरीच राहिली, सगळा जन्म धनुष्य वाजवलं. आपलं गाणं रेडिओवर ऐकून तिने मला दुसऱ्याचं गाणं चोरलंस म्हणून निरोप पाठवला होता. मी तिला चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही.

फाटकापाशी भावाची सून उभी होती. मला बघून गडबडली. म्हणाली, "त्या शेरडांकडे गेल्यात."

म्हटलं, "चल, दाखव शेरडं."

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. "आपल्याकडे शेरडं नाहीत, गोगो. दोन वर्षं झाली विकून."

सिसी घरामागे भिंतीला टेकून उन्हात बसली होती. दोन्ही डोळे दुधाळ झालेले. मी हाक मारायच्या आत म्हणाली, "उजवा पाय अजून ओढतेसच. आई किती ओरडायची."

दोन वर्षं तिला दिसत नाही. कुणाला सांगू दिलं नाही. मी म्हटलं, "मला का नाही कळवलंस?" ती म्हणाली, "कळलं असतं तर तू धावत आली असतीस. आईसाठी आली नाहीस आणि माझ्या डोळ्यांसाठी आलीस, हे मला सोसलं नसतं."

तिच्या मांडीखाली चटईवर माझी चारही पत्रं होती, न फोडलेली. सून वाचून दाखवते म्हणाली होती, पण हिने हात लावू दिला नाही. "माझ्या बहिणीने मला लिहिलंय, तिसऱ्याने कशाला वाचायचं? आता आलीच आहेस तर तूच वाच."

लोंडेका, आपण लिहिलेलं स्वतः मोठ्याने वाचायची वेळ तुझ्यावर न येवो. पहिलं वाचलं. शेरडांपाशी ती हसली. दुसरं वाचलं. पुठ्ठे आणि बुचं ऐकून म्हणाली, "ही पोरगी शहाणी दिसते, तुझ्या संगतीत कशी आली?" मग तिसरं. त्यात एक जागा होती, माझ्या नवऱ्याच्या बोलण्याची, जी मला तिच्या तोंडावर वाचवेना. मी न अडखळता तिथे दुसरंच काहीतरी घातलं. वेलाफीला ते गाणं फार आवडायचं, असं काहीसं.

"हे लिहिलेलं नाही," सिसी म्हणाली. "हे तू आत्ता केलंस."

"कशावरून?"

"वाचताना तुझा श्वास ओळ संपल्यावर येतो. आत्ता तू मध्येच घेतलास. मागे जा."

इतके दिवस तू मला शिकवत होतीस, मनात येईल ते वाजवा म्हणून. आणि ही म्हातारी एका श्वासात ओळखते, कुठे मन आहे आणि कुठे पळवाट. मी मागे गेले. जसं लिहिलं होतं तसं वाचलं. की तो म्हणाला होता, त्या दिवसासारखं तुझं पुन्हा कधी लागलंच नाही.

तिने हात पुढे करून तो कागद चाचपला. मग म्हणाली, "आणि त्यानंतर किती वर्षं राहिलीस त्याच्याबरोबर?"

"तीस."

"अगं बाई," ती म्हणाली. एवढंच. आणि तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला रडू आलं.

मग मी विचारलं. सरळच विचारलं, "सिसी, त्या दिवशी तू वाजवत होतीस ना?"

तुला वाटेल ती हो म्हणाली असेल. मलाही वाटलं होतं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मीच. इतक्या वेळा सांगितलं की आता मला तो झरा दिसत नाही, माझं सांगणंच दिसतं. आपण आळीपाळीने वाजवायचो, झिबुयिले. पाळी कुणाची होती हे देवाला विचार."

"आणि गाण्याचं पुढचं? पाण्यात पाऊल, याच्या पुढे?"

"पुढचं कधी झालंच नाही. तो आला ना." मग डोकं भिंतीला टेकवून, "म्हणजे मला तरी असं वाटतं."

मग मी फोनवर तिला आपलं गाणं ऐकवलं. तुझा पियानो लागला तशी तिने मान कलती केली. "ही तुझ्या पाठोपाठ येतेय, पण टाचेवर पाय देत नाही. चांगलं आहे." मी थांबते आणि दुदू एकटाच पुढे जातो, तिथे तिने हात वर केला, कुणी बोलू नये म्हणून. संपल्यावर म्हणाली, "हा कोण?" मी म्हटलं दुदू, फार खातो. "खाऊ दे. त्याला ठाऊक नाही तो कुठे चाललाय, आणि तो तसं लपवत नाही."

आता जे लिहिते ते तुझ्या कामाचं नाही, पण त्याशिवाय कागदावरचं नाव तुला कळायचं नाही.

सिसीने विचारलं, "गाणं राहू दे. आईच्या वेळी का आली नाहीस?" मी गोवर म्हटलं, संप म्हटलं. ती नुसती ऐकत बसली. मी बोलत राहिले, आणि माझं मलाच ऐकू आलं की मी श्वास भलत्याच ठिकाणी घेतेय. मग थांबले. आणि खरं ते तोंडातून बाहेर पडलं. मी आले असते तर वेलाफीही आला असता. सासूच्या आजारपणात जावई दोन-चार दिवस राहतो. आणि संध्याकाळी सिसी अंगणात धनुष्य घेऊन बसली असती. त्याने ऐकलं असतं. आणि त्याला कळलं असतं की त्या दिवशी लागलं होतं ते कुणाचं. म्हणून मी आले नाही. आई मरत होती आणि मी त्या गाण्याला घाबरून दीडशे मैलांवर बसून राहिले. जे कदाचित माझंच होतं.

लोंडेका, हे मी आजवर स्वतःशीसुद्धा असं सरळ बोलले नव्हते.

सिसी म्हणाली, "शेवटचे तीन दिवस आईला माणूस ओळखता येत नव्हतं. तुझ्या नावाने हाका मारायची. झिबुयिले, पाणी दे. झिबुयिले, आलीस का."

"मग?"

"मग काय. मी ओ द्यायची. आले म्हणायची. आईला वाटलं तूच होतीस. तशीच गेली."

सून आत मक्याचं पुटू ढवळत होती, चमचा भांड्यावर आपटत होता. क्षमा मागावी म्हटलं तर कशाची, याद्या करायला बसले तर कुठून सुरुवात करू? मला अजूनही कळत नाही की सिसीने मला माफ केलं, की मी मागितलीच नाही, की आम्ही दोघी ते ओलांडून भलतीकडेच पोचलोय.

जेवताना मी तिला तुझ्या कागदाबद्दल विचारलं. रिकाम्या जागेत काय लिहू? दोघींची नावं लिहू का? तिने बोटं चाटली. म्हणाली, "दोघींची कशाला? माझं लिही. तीन दिवस मी तुझ्या नावाने ओ दिली. एकदा तू माझ्या नावाने दे."

"पण खरं नसेल तर?"

"नसेल तर नसेल."

तर बाळ, कागदावर रचना म्हणून खोम्बिसिले खोझा असं लिही. हे खरं आहे का असं मला विचारू नकोस. मी देवाशपथ सांगते, मला माहीत नाही. पण तिचं नाव लिहिताना माझा श्वास ओळ संपल्यावर येतो, आणि माझं लिहायचं म्हटलं की मध्येच येतो, एवढं मी बघितलंय.

शनिवारच्या कार्यक्रमाला मी येईन. सिसी येणार नाही. म्हणते शहरात माणसं सगळी एकदम बोलतात. मी तिला म्हटलं, कार्यक्रमानंतर मी परत येते, राहायला. ती म्हणाली, "बघू." गेले दोन दिवस ती तिचं जुनं धनुष्य मला हातात धरू देते, पण वाजवू देत नाही. काल ती स्वतः वाजवत होती. ते झऱ्यावरचं नव्हतं. काय होतं ते मला ओळखू आलं नाही, आणि ते कुठे संपणार हेही कळत नव्हतं. मी शेजारी बसून होते.

नाव लिहिताना अक्षरं तपासून लिही. तिला दिसत नाही, पण ती कुणाकडून तरी वाचून घेईल.

तुझी,
झिबुयिले